सहीतली बोटभर जागा

श्री लक्ष्मी प्रसन्न
(होण्याच्या बेतात)

माहीम, तालुका पालघर
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १९६४

वडीलबंधूंसमान वामनराव यांचे सेवेशी, नरहरीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडून झाल्यावरच लेखणी उचलली आहे, कारण पत्र लांबणार आहे आणि मध्येच पुन्हा जोडायला सवड व्हायची नाही.) आपली प्रकृती कशी आहे? तारापुरास त्या अणूच्या कारखान्याच्या बांधकामावर सिमेंटची धूळ फार उडते असं ऐकतो, तरी नाकाला रुमाल बांधत जावा. उमरोळीस मातोश्रींचा गुडघा उतारावर असेल. इकडे आपली धाकटी बहीण सुगंधा खुशाल आहे. मीही खुशाल आहे. आम्ही दोघं मिळून खुशाल आहोत की नाही, ते पत्राच्या शेवटापर्यंत आपल्या ध्यानात येईलच.

आपलं मागचं पत्र पावलं. भातगिरणीतली बरी चाललेली कारकुनी सोडून मला वर्ष झालं, एक जानेवारीपर्यंत शेअरबाजारात कमाई दिसली नाही तर सोबत जोडलेला टाइमकीपरच्या जागेचा अर्ज मुकाट्याने भरून पाठवा, हा त्यातला मजकूर मी तीनदा वाचला. राग बिलकूल नाही. थोरल्या मेहुण्याने कान धरायचा नाही तर कुणी धरायचा? पण वामनराव, टाइमकीपर म्हणजे दुसरी माणसं कधी आली आणि कधी गेली ते लिहीत बसणारा माणूस. मी हल्ली स्वतंत्र आहे. पालघरच्या छापखान्यातून तशी कार्डंसुद्धा छापून घेतली आहेत, 'नरहरी चुरी, स्वतंत्र शेअर-व्यवहारी'. (शंभर छापली, चार वाटली. त्यातलं एक आपल्याकडे आहे.)

हा धंदा किती सुंदर आहे हे आपल्याला एकदा येऊन बघायला हवं. मुंबईचं वर्तमानपत्र गाडीने पालघरला उतरतं आणि मोटारीने माहीमला येईस्तोवर दुपार होते. मी तोवर वाडीत नारळीखाली बाज टाकून तयार असतो. पानवेलींना नुकतं पाणी दिलेलं असतं, केळीची पानं हलत असतात आणि सुरूच्या झाडांमधून समुद्राचा एक तुकडा दिसतो. त्यात कधी शीड असतं, कधी नसतं. मग मी भावाचं पान उघडतो. ते भाव अर्थातच कालचे. त्यावरून मी निर्णय घेतो, कार्ड लिहितो, ते मुंबईला कोटातल्या (हल्ली फोर्ट म्हणतात) दलालाच्या हाती पडतं परवा. म्हणजे काल बघून परवाचा व्यवहार करायचा. आजच्या दिवशी मात्र मला कामच नसतं. असा निवांत धंदा दुसरा दाखवा! डोळे मिटले की मला आमच्या ओटीवर टेलिफोन दिसतो, काळा, तुळतुळीत. त्याला सुगंधाने विणलेलं झाकणही दिसतं. एकदा तर तो वाजला. (देवळातली घंटा निघाली. पण मी उठून बसलो होतो हे खरं.)

आता मूळ मुद्दा. लग्नात आपल्या वडिलांनी सुगंधाच्या हाती जे पैसे ठेवले होते, त्यांचे मी गेल्या साली एका लोकरीच्या गिरणीचे शेअर घेतले. हसू नका. माहीमात लोकर कुणी घालत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण चीनच्या लढाईपासून बर्फात उभ्या असलेल्या आपल्या जवानांचा विचार माझ्या मनातून जात नव्हता. इतक्या जवानांना इतके स्वेटर! पैसे तिचे, म्हणून शेअरही तिच्याच नावावर घेतले, 'सौ. सुगंधा नरहरी चुरी' असे. त्या वेळी ती आपल्याकडे उमरोळीला होती, म्हणून तिची सही मीच ठोकून दिली. नवऱ्याने बायकोची सही करू नये हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बारा रुपयांना घेतलेला शेअर दिवाळीला सोळावर होता. आमच्या ओटीवर टोपली टेकवून पाणी पिणारी जमना कोळीण रोज विचारायची, "नरूशेट, तुजा कागूद आज कितीला गेला?" विकला नाही म्हटलं की काळजीत पडायची. "ठेव, ठेव. पन आदी सांग, तुजा माल ओला हाय का सुका? सुका बोंबील ऱ्हातो, ओला नाय ऱ्हात." लोकर सुकी असते, या विचाराने मी आणखी दोन आठवडे थांबलो, आणि वामनराव, भाव एकोणीसवर गेला! कोटात बसून लोकांना जे कळत नाही ते जमनाच्या टोपलीपाशी कळतं.

विकायचं ठरलं. आणि इथून माझी दैना सुरू झाली. विक्रीच्या फॉर्मवर साक्षीदार लागतो, म्हणून आमचे पोस्टमास्तर एकनाथपंत यांना घरी बोलावलं. चहा झाला. पंत म्हणाले, बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत, कागदावर आहे तसं पूर्ण नाव लिहून सही करावी. सुगंधा पदर सावरून बसली, टाक बुडवला, झोकात 'सुगंधा' लिहिलं, मग बोटभर जागा सोडली आणि पुढे 'चुरी' लिहून टाक खाली ठेवला. मी म्हटलं, मधलं? ती म्हणाली, मधलं तुम्हाला ठाऊक आहे की. पंतांनी मिशीत हसून साक्ष घातली आणि मीही म्हटलं, जाऊ दे, गिरणीवाले समजूतदार असतील. आठ दिवसांनी फॉर्म परत. सही जुळत नाही व अपूर्ण आहे.

मी तिला परोपरीने समजावलं. तोंडाने घेऊ नये, लिहायला काय हरकत आहे? तर म्हणे, तोंडाने घेतलं नाही ते हाताने घेतलं तर देवाला चालतं, हे कुठे लिहिलंय ते आधी दाखवा. मी अंगठा लावायचं सुचवलं. ही माझी चूक. आपणच तिला हाताला धरून सातवीपर्यंत शिकवलंत, अंगठ्याचं नाव काढताच ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि भातात मीठ पडलं नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाली, रीतीने घेते हो नाव, आणा तो कागद. मला इतका आनंद झाला की पंतांना मी पोस्टातून जवळजवळ ओढतच आणलं. तिने सहीच्या जागी बारीक, सुबक अक्षरात लिहिलं:

"पानवेल चढली मांडवभर,
नरहरींचं नाव घेते, सही मान्य कर."

पंत म्हणाले, वा! (त्यांना दुसरा चहा द्यावा लागला.) मलाही, खोटं कशाला सांगू, भरून आलं. लग्नानंतर सहा वर्षांनी तिने माझं नाव घेतलं आणि तेही शेअरवर. फॉर्म रवाना केला. तो तर आठ दिवसही राहिला नाही, पाचव्याच दिवशी परत आला. गिरणीच्या कुणा साहेबाने उखाण्याभोवती लाल वर्तुळ काढून पुढे फक्त प्रश्नचिन्ह घातलं होतं. मी त्याची कीव करतो. त्याच्या घरी कुणी कधी नाव घेतलं नसणार.

तर वामनराव, विनंती एवढीच. आपण थोरले बंधू आहात, आपला शब्द ती मोडत नाही. दोन ओळी लिहून तिला सांगावं की कागदावर एकदाच नाव लिहिल्याने माझं आयुष्य कमी होत नाही. झालंच तर दोनचार दिवसांनी होईल, ते मी देईन. एकोणीसला शेअर विकले गेले की आपली एक जानेवारी आणि माझी स्वतंत्रता दोन्ही राखल्या जातील. मग पुढच्या साली मी बोईसरला स्टेशनाजवळ दोन गुंठे घेणार आहे, आणि तिथे टेलिफोन. पहिला फोन आपल्याला.

आपला आज्ञाधारक (परंतु स्वतंत्र),
नरहरी

ता. क. : आत्ताच वर्तमानपत्र आलं. लोकर नऊवर. थंडी यंदा उशिरा पडणार म्हणे. तेव्हा सुगंधाला लिहिण्याची घाई नाही.

आणखी ता. क. : सहज विचारतो, टाइमकीपरला बसायला खुर्ची असते की स्टूल? आपला तो अर्ज मी भरलेला नाही. फक्त टाक चालतो की नाही बघायला खाली सही करून पाहिली.

दादा, हे मी लिहिते आहे. लखोटा चिकटवायला माझ्याकडे आला म्हणून. अर्ज आत घातला आहे. यांनी खाली नुसती सही केली होती, वर नावाची जागा तशीच कोरी. ती मी भरली. देवापुढे बसून लिहिलं, अक्षर वाकडं आलं असेल तर चालवून घे. त्या लोकरीच्या कागदावर का नाही लिहिलं म्हणून हे अजून रुसतात. तो कागद विकायचा होता रे. विकायच्या कागदावर यांचं नाव उखाण्यावाचून नुसतंच कसं लिहू? साहेबांना सांगून यांना खिडकीजवळ बसव, समुद्राचा एवढासा तुकडा दिसला तरी पुरे. दुपारी थोडा वेळ बघत बसल्याशिवाय यांना जेवण पचत नाही. आणि माझं हे लिहिणं यांना सांगू नको, आपल्या नुसत्या सहीवरच जागा मिळाली असं यांना वाटू दे.

तुझी,
सुगंधा ........ चुरी
(अर्जावर एकदा नुसतं लिहिलं तेवढं पुरे.)