पाण्याचा आकडा

१४ मे

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. गुडघा आता कुरकुरत नाही, आणि मला दिवसपाळी मिळाली आहे. तुझं पत्र आठ दिवस टेबलावर पडून होतं. हात मोडला नव्हता, धीर होत नव्हता.

त्या मंगळवारी सहा तास वीज गेली, चौथ्या तासाला जनरेटर तापून बंद पडला, हॅचरीतली हवा कोंडली आणि पिल्लं अंड्यातच मेली, असं तू लिहिलंस. जनरेटर सांभाळणाऱ्या मेस्त्रींनी लक्ष दिलं नाही म्हणून त्यांना घरी बसवलंस. वीस वर्षं तुझ्याकडे राबलेल्या माणसाला! तुझा राग नाकाच्या शेंड्यावर, हे काय मला नवीन आहे?

पण दादा, त्या दिवशी आमच्या वीजकेंद्रातला तिसरा संच धडधाकट होता. साहेब कंट्रोल रूममध्ये आले आणि म्हणाले, "बॉयलरची नळी फुटली म्हणून लिहा आणि बंद करा." मी नोंदवहीत तसं लिहिलं. निम्म्या प्रांताची वीज आमच्याच कंपनीची. एक संच बंद ठेवला की टंचाई होते, मग बाकीच्या संचांच्या विजेला मागू तो भाव मिळतो. तरीही वीज पुरली नाही की तुमच्यासारख्यांची लाइन कापतात. हे मला ठाऊक होतं. त्यात तुझी लाइन असेल, हे मात्र डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कुणाची असती तर मी हे पत्र लिहिलं असतं का? नसतं बहुतेक. त्याची लाज वाटते.

आता चौकशी लागली आहे. नळी फुटली की गळती भरून काढायला बॉयलरला दुप्पट पाणी लागतं. मी मात्र नळी फुटल्याचं लिहिलं आणि पुढच्या रकान्यात सवयीने संच बंद करण्याआधीचा पाण्याचा खरा, रोजचाच आकडा टाकला. साहेब म्हणतात, "मॅडम, आकडा चुकून पडला म्हणा, विषय संपला."

उद्या सकाळी जबाब आहे. आकडा खरा आणि नळी खोटी, असं सांगणार आहे. नोकरी जाईल बहुधा.

तू एक कर. हे पत्र मेस्त्रींना वाचून दाखव, स्वतः, आणि त्यांना परत बोलाव. वहिनीला पुढे करू नकोस. जनरेटर दोन तासांच्या वर टिकणार नाही, असं ते सारखं बजावतात, हे तूच मला मागच्या वर्षी हसत सांगितलं होतंस.

ते परत यायला नाही म्हणाले, तर मी स्वतः त्यांच्या दारात जाईन. तुझ्या दारात येऊ का, तेवढं कळव.

तुझी, अजून म्हणत असशील तर,
धाकटी