दोन कॉलमांचा फोटो

प्रिय काजव्या,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. पण दुसऱ्या कुठल्या नावाने लिहायला बसले तर हातच चालेना. भर सभेत, कुणाच्या तरी बोलण्याच्या ऐन मध्यावर तुझा फ्लॅश चमकायचा आणि मी दचकून लिहिलेला शब्द खोडायचे, तेव्हा पडलेलं हे नाव. वीस वर्षं तेच चाललं, तू काजवा आणि टोचून प्रश्न विचारणारी मी टाचणी. आता फोन तू उचलत नाहीस, संदेश उघडत नाहीस. तुझं बरोबरच आहे. छपाईतल्या काकांना गळ घालून तुझा पत्ता मिळवला. तू बहिणीकडे राहतोस आणि घराजवळच्या दुकानात ओळखपत्रांचे फोटो काढतोस, एवढंच ते बोलले आणि मान फिरवून कामाला लागले. तू दिवसभर लोकांना हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगत बसला असशील, हे डोळ्यांसमोर आणवत नाही.

तू गेल्यावर तीन आठवड्यांनी ऑफिसात नोटीस लागली. यापुढे प्रत्येक बातमीदार आपला फोटो आपण काढेल आणि आपलं पान आपण लावेल. मांडणीच्या टेबलावरच्या दोघींना तोवर घरी पाठवून झालं होतं. मग आम्हा अकरा जणांना जुन्या अंकांच्या खोलीत पंधरा दिवस शिकवायला एक बाई येऊ लागल्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या, आवाज इतका हळू की मागे बसलेला आपला खेळांच्या पानाचा पैलवान कानामागे हात धरून ऐकायचा. पन्नाशीला टेकलेली मी पहिल्या दिवशी कॅमेरा उलटा धरून बसले होते. पहिल्या वीस फोटोंपैकी सहांमध्ये माझाच अंगठा. संपादकांचा फोटो काढला, तर खिडकीच्या पडद्याचा दांडा त्यांच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर आलेला. बाईंनी तो पडद्यावर दाखवला तेव्हा अख्खी खोली हसली. मीही हसले, आणि सवयीने बाजूला वळून बघितलं. बाजूला तू नव्हतास.

त्या जे सांगत होत्या, ते मी आधी ऐकलेलं होतं, हीच तर गंमत. उजेड कुठून येतोय ते आधी बघा, माणूस नंतर. लहान मुलाचा फोटो उभ्याने काढू नका, गुडघे टेकवा. मनगटावर, ढोपरावर चौकट कापू नका, माणूस पांगळा दिसतो. आधी लांबून घ्या, मग मधून, मग जवळून. फोटोखालच्या ओळीत कोण, कुठे, कधी ते लिहा, स्वतःचं रडं लिहू नका. हे सगळं तू मला बसथांब्यावर, हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून सांगत आलास आणि मी "हो रे, आटप आता" म्हणत आले. नवं होतं ते पान लावायचं शास्त्र. माझ्या पहिल्या पानावर मी सात तऱ्हेची अक्षरं वापरली. बाईंनी विचारलं, मॅडम, गावात सर्कस आलीय का? मोकळी सोडलेली जागा वाया गेलेली नसते, हे पटायला मला चार दिवस लागले. आणि एक दिवस त्या म्हणाल्या, फोटो आणि त्याच्या शेजारचा मथळा या दोन वेगळ्या गोष्टी नसतात. वाचक त्यांचं एक वाक्य करतो. तुम्ही ते लिहिलेलं नसलं तरी ते तुमचंच असतं. मी ते वहीत उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

इथवर लिहून मी उठून चहा केला, भांडी घासली, परत येऊन बसले. कारण आता जे लिहायचंय ते टाळतेय. तुला काढलं त्याच्या महिनाभर आधी संपादकांनी मला आत बोलावलं होतं. दार लावून घ्यायला सांगितलं. मग टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, समजा फोटोवाला नसला, तर तुमचं अडेल का? ते एखाद्या दिवसाच्या रजेबद्दल विचारत नव्हते, हे मला पुरतं कळलं होतं. मी तुझं नाव घेऊन भांडू शकले असते. वीस वर्षांत निदान पाच वेळा तुझ्या फोटोमुळे माझी बातमी पहिल्या पानावर गेली, एवढं तरी सांगायला काय लागत होतं? मी म्हणाले, चालवून घेऊ. दोन शब्द. माझी खुर्ची टिकावी म्हणून. तू कपाट रिकामं केलंस त्या दिवशी मी मुद्दाम पाणीपुरवठ्याच्या बैठकीला गेले. ती बैठक माझ्याकडे नव्हतीच. चार वाजता संपली, तरी सहापर्यंत त्या सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून राहिले. तुला कुणीतरी हे सांगितलंय, असं मला तुझ्या न उचललेल्या फोनांवरून वाटतं. सांगितलं नसेल, तर आता मीच सांगितलं.

नदीत नाव उलटली ती शिकवणी संपल्यानंतर सहाव्या दिवशी. तू वाचलं असशील. पलीकडच्या काठावरच्या गिरणीत सकाळच्या पाळीला जाणारी माणसं होती. नऊ गेली. मी पोहोचले तेव्हा आठ वाजले होते, उजेड तिरपा होता, आणि खरं सांगते, मला आधी उजेडच दिसला. काठावर नावाडी बसलेला होता. उघडा, ओला, पन्नाशीचा माणूस. त्याच्या डाव्या कुशीत पाचसहा वर्षांची एक मुलगी, त्याच्याच सदऱ्यात गुंडाळलेली. तिला त्याने पाण्यातून काढलं होतं. तिची आई सापडली नव्हती. कुणीतरी आणून दिलेला चहा तिने प्यावा म्हणून तो विनवत होता. ती ओठ मिटून बसलेली. मग त्याने स्वतः एक घोट घेतला, बघ, कढत नाहीये, असं काहीतरी म्हणाला आणि तिच्यासाठी हसला. ते हसू कसं होतं, मला लिहिता येत नाही. पण मी गुडघे टेकले, श्वास रोखला आणि फोटो काढला. आयुष्यातला पहिला खरा फोटो. तुझ्या बोटांना काय कळत असेल, ते त्या क्षणी मला कळलं.

संध्याकाळी पान लावायला बसले. मृतांची नावं वाढत गेली, जागा आटत गेली. चार कॉलमांचा फोटो तीनवर आला आणि शेवटी दोनवर. दोन कॉलमांत दोघं मावेनात. लहान केले तर चेहरे वाटाण्याएवढे दिसायचे. मुलगी तशीही कॅमेऱ्याकडे पाठ करून होती, नुसता सदराच दिसत होता. चेहरा ठेवा, पाठ सोडा, हेच शिकले होते. मी मुलगी कापली. उरला तो ओठांशी कप धरून हसणारा नावाडी. त्याच्या डोक्यावर मीच मथळा लावला, 'नऊ जण बुडाले'. खाली लिहिलं, दुर्घटनेनंतर काठावर बसलेला नावाडी. एक अक्षर खोटं नव्हतं. सकाळी अंक हातात आला तेव्हा पान इतकं नेटकं दिसत होतं की मी तो घडी न मोडता पिशवीत घालून घरी नेला.

पुढचं सगळं चार दिवसांत झालं. लोकांनी ते पान फोनवरून इकडून तिकडे पाठवलं. नऊ माणसं मारून चहा पितोय, हसतोय. बाजारात त्याला घेरलं. कुणाच्या तरी हातात लोखंडी पट्टी होती. त्याचा डावा डोळा गेला, कंबर गेली. हॉस्पिटलातून त्याला सरळ कोठडीत नेलं, कारण आता साक्षीदारही पुढे आले होते. नाव उलटताच तो एकटा पोहून काठाला लागला, त्याने कुणाला हात दिला नाही, असं सांगणारे तिघे. त्यातला एक तर त्या दिवशी काठावर नव्हताच, मी खात्रीने सांगते. नावेत जास्त माणसं घेतली ही चूक त्याची की मालकाची, ते चौकशीत ठरेल. मला तो निर्दोष आहे असं म्हणायचं नाही. पण माणसांना बुडू देऊन तो चहा पीत बसला, हे मी छापलं.

दोन महिन्यांनी त्याची बायको ऑफिसात आली. मला वाटलं, शिव्या देईल. तिने माझ्या टेबलावर ते पान उलगडलं. घड्यांवर विरलेलं. फोटोच्या उजव्या कडेवर बोट ठेवून म्हणाली, "इथे पोरगी होती. ते सांगतात, होती. तुमच्याकडे असेल ना ती?" जणू आम्ही ती मुलगी कपाटात ठेवून घेतली होती. मी म्हणाले, बघते. ती म्हणाली, "बघा. तिला ह्यांच्या कुशीत दुसरं कुणी बघितलेलंच नाही म्हणतात." मुलीला तिचे मामा कुठल्या कुठे घेऊन गेले. ती त्या दिवसापासून बोलत नाही, असं कळलं. तो सदराही कुणी जपला नाही. बाई उठली, पान पुन्हा त्याच घड्यांवर दुमडलं आणि तुझ्या जुन्या खोलीसमोरून, जिथे आता पाण्याचं यंत्र ठेवलंय, हळूहळू चालत गेली.

मी बघितलं, रे. सगळीकडे बघितलं. कापून झाल्यावर मी ती फाइल मूळ फोटोवरच सेव्ह केली होती, मूळ फोटो पुसला गेला. मूळ फोटोला हात लावायचा नाही, आधी प्रत काढायची, हा बाईंचा पहिल्या तासाचा पहिला धडा. आणि कॅमेऱ्यातलं कार्ड? अकरा जणांत चार कार्डं. त्याच संध्याकाळी ते पुसून पैलवानाला दिलं, दुसऱ्या दिवशी सामना होता. मी संपादकांकडे गेले, खुलासा छापा म्हणाले. ते म्हणाले, फोटो खोटा आहे का? नाही ना? मग कशाला उगाच? आपल्या ऑफिसच्या वकिलांनी सांगितलं, साक्ष द्या खुशाल, पण तुमच्या नुसत्या आठवणीवर कोण विश्वास ठेवणार, आणि नोकरीचं काय ते तुमचं तुम्ही बघा. मी साक्ष देणार आहे. ते ठरलंय. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. त्याने नावाड्याला काही फायदा नाही, हेही मला कळतं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. त्या संध्याकाळी मुलीला कापण्याआधी मी एक गोष्ट केली होती. तो अख्खा फोटो संगणकावरून फोनवर घेतला आणि तुला पाठवला. खाली लिहिलं, कसा आलाय? ज्याची जागा घेतली त्यालाच शाबासकी मागत होते, इतकी मी निर्लज्ज. तू उत्तर दिलं नाहीस. तिसऱ्या दिवशी मला राग आला, तुझा राग, आणि मी आपलं सगळं बोलणं फोनवरून पुसून टाकलं. त्या फोटोसकट. दुरुस्तीवाल्याला फोन दाखवला, तो म्हणाला आता काही निघणार नाही. तेव्हा ती मुलगी जगात कुठे असलीच, तर तुझ्या फोनमध्ये, तू न उघडलेल्या माझ्या संदेशात आहे. सुनावणी चोवीस तारखेला आहे. नावाड्याच्या वकिलाचा पत्ता आणि नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात घातलाय. फोटो मला पाठवू नकोस, सरळ त्यांना पाठव. मला पत्र लिहू नकोस, फोन करू नकोस. माझ्यावरचा राग अगदी आहे तसाच राहू दे, मी त्यावर काही मागत नाही. फक्त माझं नाव बघून तो संदेशही पुसला नसशील, एवढीच आशा आहे. आणि पुसला असशील, तर मात्र एक ओळ कळव. नावाड्याच्या बायकोला मला सांगावं लागेल.

तू मानलंस तर अजून तुझीच,
टाचणी