आरिया कोण म्हणालं

मी, केवलराम फकिरा मेश्राम, वय सहासष्ट, सेवानिवृत्त क्रेन ऑपरेटर, राहणार कॅम्प-१, भिलाई, जिल्हा दुर्ग, हे मृत्युपत्र आपल्या हाताने आणि आपल्या अकलेने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघ्यांची अट नसते असं वकीलसाहेबांनी सांगितलं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी रुक्मा स्वयंपाकघरात वांगी चिरते आहे आणि मी काय लिहितो आहे हे तिला अजून ठाऊक नाही.

१. मार्च २०२० मध्ये मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते संपूर्ण रद्द करतो. वकीलसाहेब म्हणाले की एवढं एक वाक्य पुरे. मला ते पुरत नाही. त्या कागदात चौथं कलम असं होतं: "माझी मोटारसायकल माझ्यानंतर विकून टाकावी. तिच्यावर रुक्माला कोणी बसवू नये, कारण ती न विचारता उतरते." यात दिलेलं कारण खोटं आहे. कसं, ते पुढे पाचव्या कलमात येईल. मधली कलमं आधी उरकतो. अवघड काम मागे ठेवायची माझी जुनी खोड आहे.

२. घर. एकतीस वर्षं आम्ही सेक्टर २ च्या क्वार्टरमध्ये काढली. निवृत्तीनंतर ते सोडावं लागलं. कॅम्प-१ मधलं हे घर माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे. ते रुक्माला. तिच्यानंतर खालचा मजला मुलगी आम्रपालीला, वरचा मुलगा प्रफुल्लला. जिना दोघांचा. जिन्यावर चपला ठेवायच्या नाहीत, हे मी जिवंतपणी सांगून थकलो, आता कायद्याने सांगतो.

बँकेत आणि पोस्टात जे आहे ते सगळं रुक्माचं. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. गावी साकोलीकडे जो जमिनीचा तुकडा आहे तो मोठा भाऊ कसतो, त्यालाच राहू द्यावा. त्यावर मी कधी घाम गाळला नाही, मग हक्क कसला सांगू?

३. हत्यारं. पाने, स्क्रू ड्रायव्हर, हवेचा पंप, चेन साफ करायचे ब्रश आणि दोन्ही पेट्या आम्रपालीला. यात बावीस नंबरचा रिंग पाना नाही. तो माझा जुना जोडीदार देवीदास याने २०११ साली "दोन दिवसांत देतो" म्हणून नेला. दर भीमजयंतीला भेटतो, गळ्यात पडतो, पाना काढत नाही. तो पाना त्यालाच लिहून द्यावा आणि चोरी मिटवून टाकावी असं माझ्या मनात होतं. पण साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. तेव्हा मी विचार करून देवीदासला साक्षीदार केलं आहे. आता त्याला पाना ठेवता येणार नाही.

४. माझ्यामागे त्रिसरण-पंचशील घ्यावं, आलेल्यांना साधं जेवण घालावं. तेरवी करू नये. भाषणं दोनच ठेवावीत आणि दोन्ही बसून ऐकता येतील इतकी लहान असावीत.

५. आता मोटारसायकल.

ही गाडी मी २०१९ साली निवृत्त झालो त्या महिन्यात घेतली. दोन सिलिंडरची, लांबच्या प्रवासाची, पेट्या लावून अडीचशे किलोच्या घरात. क्रेनवर चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हलकं काही चालवताच येत नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. रुक्मा म्हणाली, "या वयात? लोक काय म्हनतीन?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन लाल हेल्मेट घेऊन आली. त्या हिवाळ्यात आम्ही सिरपूर पाहिलं, डोंगरगढची प्रज्ञागिरी पाहिली, दीक्षाभूमीवर जाऊन आलो. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं कोणाच्या लग्नाला किंवा मयतीला नव्हे, तर नुसतं जायचं म्हणून गेलो.

जड गाडीवर मागे माणूस असणं म्हणजे हुकाला लोड असणं, हे माझं मत पहिल्या दिवसापासून होतं. झटक्याने उचललं की लोड झुलतो, झटक्याने थांबवलं की जास्त झुलतो. म्हणून मी रुक्माला माझी खलाशी केलं. क्रेन ऑपरेटर वर केबिनमध्ये असतो, त्याला खालचं नीट दिसत नाही. खाली उभा राहून इशारे देणारा खलाशी सांगेल तसं तो करतो. खलाशी "हबेस" म्हणाला की लोड वर घ्यायचा, "आरिया" म्हणाला की खाली सोडायचा. ऐकू आलं हे कळावं म्हणून ऑपरेटरने तोच शब्द मोठ्याने परत म्हणायचा, ही पोलाद कारखान्यातल्या आमच्या शॉपची रीत. मी घरी हेच शब्द लावले. मी "हबेस" म्हटलं की रुक्माने बसायचं, "आरिया" म्हटलं की उतरायचं. तिने माझ्या खांद्यावर एक थाप मारली की हळू, दोन मारल्या की थांबा. ती हसायची, पण तिने एकदाही चूक केली नाही. हे वाक्य मी मुद्दाम जाड अक्षरात लिहितो आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये आम्ही जगदलपूरला निघालो होतो. केशकाल घाटाच्या पायथ्याशी एक ट्रक नाल्यात गेला होता आणि क्रेन लावून त्याला काढणं चाललं होतं. गाड्यांची रांग लागली. मी कडेला घेतली. कड डावीकडे उतरती, वर बारीक गिट्टी. माझा उजवा पाय ब्रेकवर, डावा गिट्टीवर जागा शोधत होता. तेवढ्यात तिकडचा खलाशी ओरडला, "आरिया!"

रुक्मा उतरली. सगळं वजन डावीकडे आलं, माझा पाय घसरला, गाडी तिच्या पायावर पडली. नडगीचं हाड मोडलं.

दवाखान्यात लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "ती न विचारता उतरली." ती म्हणाली, "तुमी आरिया म्हनले ना." मी म्हणालो, "मी नाही, तो खलाशी म्हणाला." पाच दिवसांनी, तिच्या पायात धातूची पट्टी बसवून झाल्यावर, मी हेल्मेट पुसत बसलो होतो आणि मला आठवलं की घाटात गाडी पडण्याच्या अगोदर माझ्या हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरली होती. तोंड उघडल्याशिवाय वाफ धरत नाही. खलाशी ओरडला आणि चौतीस वर्षांच्या सवयीने मी त्याचा शब्द परत म्हटला होता. मोठ्याने. तिने माझंच ऐकलं आणि ठरल्याप्रमाणे केलं.

हे मला कळलं आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. दहा दिवसांनी वर लिहिलेलं मृत्युपत्र केलं. खोट्यावर शिक्का मारून घेतला की ते पक्कं होतं, असं मला वाटलं असावं.

कावून असं केलं, हे स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर भिंतीवर टांगलेलं आहे. "चौतीस वर्षे अपघातरहित सेवा" असं प्रमाणपत्र, काचेच्या फ्रेममध्ये. मला ते खरं ठेवायचं होतं.

त्याची किंमत रुक्माने दिली. प्रफुल्लने ती गोष्ट घरभर केली. लग्नाकार्यात कारमधून उतरताना तो ओरडायचा, "आई, बिना पूछे मत उतरना!" आणि सगळे हसायचे. रुक्मा मोटारसायकलवर बसायची बंद झाली ते झालंच, पण प्रत्येक गाडीतून उतरताना दोनदा विचारू लागली, "उतरू काय? उतरू ना?" बसच्या कंडक्टरला, शेजाऱ्याला, कोणालाही. एकदा पॉवर हाउस चौकात ऑटोवाला म्हणाला, "अम्मा, उतरने का भी टिकट लगेगा क्या?" ऑटोतले सगळे हसले. मीही हसलो. जिने आयुष्यात माझा एक इशारा चुकवला नाही, तिला मी उतरायला घाबरवलं.

प्रफुल्लने वाईट वाटून घेऊ नये. त्याला जे सांगितलं ते त्याने खरं मानलं. पण हे वाचून झाल्यावर त्याने आईपाशी जाऊन काय बोलायचं ते बोलावं.

६. ही गाडी मी आम्रपालीला देतो. प्रफुल्लला का नाही, याचं कारण त्याची बायको नीतू सांगेल. त्याने तिला मागे बसवून सेक्टर २ पर्यंत नेलं, तेवढ्यात दोघांची हेल्मेटं नऊ वेळा आपटली, आणि नीतू परत ऑटोने आली.

आम्रपाली चरोदा यार्डात रेल्वेत आहे. मागच्या वर्षी माझे गुडघे गाडी पेलेनात तेव्हा ती म्हणाली, "मले शिकवा." शिकवताना मी हबेस-आरिया सांगू लागलो. तिने मध्येच थांबवलं. "बाबा, हा तर पूरे प्लांट का शब्द आहे. कोणीही चिल्लावला तर आई उतरन नाही का? घरचा शब्द घरचाच पाहिजे ना." तिला घाटातलं खरं काही ठाऊक नव्हतं. तिने फक्त विचार केला, जो मी केला नव्हता. मी बाहेर जाऊन गाडीला हवा भरली. हवा आधीच बरोबर होती.

यंदा चौदा एप्रिलला, मिरवणुकीच्या आधी सकाळी, तिने गाडी सरळ उभी केली, दोन्ही पाय टेकले, पुढचा ब्रेक दाबला आणि म्हणाली, "आई, पाय टेकले. बस." रुक्मा उभीच राहिली. आम्रपालीने परत म्हटलं नाही, घाई केली नाही, गाडी तशीच धरून थांबली. चांगली पाच मिनिटं. मग रुक्मा लाल हेल्मेट घालून बसली.

सुट्टीमुळे हथखोजच्या कारखान्यांकडचा रस्ता रिकामा होता. तिकडे जाऊन दोघी परत आल्या. मी फाटकात उभा होतो. आम्रपालीने गाडी सपाट जागी लावली आणि म्हणाली, "पाय टेकले. उतर." आणि रुक्मा उतरली. तिने विचारलं नाही. एकदाही नाही. हेल्मेट काढून मला म्हणाली, "पाहून काय राहिले? पोरीले पानी द्या." मला इतकं हलकं वाटलं की मी आत गेलो, माठापाशी बसून रडलो आणि पाणी न्यायचं विसरलो. त्या दिवशी ठरवलं की हा कागद बदलायचा.

आम्रपालीसाठी सूचना. मागे माणूस असेल तेव्हा मागच्या चाकात हवा थोडी जास्त, मागचा शॉकअप दोन खाचा कडक. ब्रेक एरवीपेक्षा लवकर धरायचा, आणि हळू वेगात थोडा मागचा. वळून परत फिरायचं असेल तर क्लच अर्धा, नजर जिथे जायचं तिथे, चाकाकडे नाही. उतरत्या कडेला थांबायचं नाही, गिट्टीवर तर नाहीच. जागा मिळेपर्यंत पुढे जायचं, मागचे भोंगे वाजवोत. आणि थांबायचा इशारा कोणीही दिला, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने दिला, तरी थांबायचं. क्रेनवर हा नियम मी कधी मोडला नाही, म्हणून तो सांगायचा अधिकार मला आहे. बाकीच्या बाबतीत तू माझ्यापेक्षा बरी चालवतेस.

या मृत्युपत्राची अंमलबजावणीही आम्रपालीनेच करावी.

७. भिंतीवरचं प्रमाणपत्र मी आत्ताच, पाचवं कलम लिहून झाल्यावर, काढलं आहे. त्या खिळ्यावर रुक्माचं लाल हेल्मेट टांगलं आहे. फ्रेम चांगली आहे, नीतूला पाहिजे असेल तर घ्यावी.

८. हे सर्व मी रुक्माला आणि दोन्ही साक्षीदारांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. पाचव्या कलमाला मी अडलो तेव्हा देवीदासने पाणी दिलं, ते मान्य करतो. रुक्मा पूर्ण वेळ वांग्यांच्या देठांकडे पाहत होती. म्हणून सह्यांच्या खाली तिच्यासाठी जागा सोडली आहे. त्या जागेला कायद्यात किंमत नाही असं वकीलसाहेब म्हणतात. पाच वर्षं मीच बोललो, आता तिला काय लिहायचं ते तिने लिहावं. कोरी ठेवली तरी माझी तक्रार नाही.

स्थळ: कॅम्प-१, भिलाई. दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५, रविवार.

लिहून देणार:
(सही) केवलराम फकिरा मेश्राम

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिलं आणि ज्यांना मी सही करताना पाहिलं:
(सही) देवीदास रामटेके, सेवानिवृत्त क्रेन ऑपरेटर. पाना उद्या आणून देतो.
(सही) सुशील गजभिये, शेजारी.

रुक्मासाठी सोडलेली जागा:

आवाज तुमचाच होता हे मले तवाच मालूम होतं. दुसरा कोनी तुमच्यावानी नाकातून आरिया म्हनत नाही. मी वाट पाहून राहिली होती. लय दिवस उचलून धरलं तुमी. आता आरिया.

रुक्मा