हात आणा, मग बांगडी

अम्मा,

आज बाजारात प्लास्टिकच्या बांगड्या बघितल्या. ढीग घालून ठेवलेल्या, आणि बायका आपल्या आपण उचलून हातात घालत होत्या. कुणी हात धरायला नको, कुणी बोटं चेपायला नको, काच लागायची भीती नाही. विकणारी पोरगी मला म्हणाली, "आजी, घ्या की, अजिबात दुखत न्हाईत." मी घेतल्या नाहीत. भरणारीच लागत नाही अशा बांगडीला तू काहीतरी नाव ठेवलं असतंस, आणि ते ऐकून त्या पोरीसकट सगळा बाजार हसला असता. मला ते नाव काही सुचेना. घरी येईपर्यंत डोकं खाजवलं, मग कागद घेऊन बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुला वाचता तर कधीच येत नव्हतं. तरी बसले.

तू बांगडी भरायचीस ती रीत मला अजून डोळ्यांपुढं दिसते. खांद्यावर माळा, अब्बांनी रंगाप्रमाणं ओवलेल्या. कुणाच्याही दारात बसलीस की आधी पदराला हात पुसायचीस, मग बाईचा हात हातात घ्यायचीस. बोटं एकत्र करून चेपायची, अंगठा आत दाबायचा आणि बांगडी सरकवत अंगठ्याच्या हाडापाशी आणून थांबायचं. तिथंच सगळं अडतं. बाई श्वास धरते, हात आखडते, आणि आखडलेल्या हातावर जोर केला की काच फुटते. तू जोर करायची नाहीस. तिच्या तोंडाकडं बघून हळूच विचारायचीस, "नवऱ्यानं शेवटचं कधी इचारलं गं, जेवलीस का म्हणून?" बाई आधी आठवायला बघते. मग तिच्या लक्षात येतं की आठवण्यासारखं काही नाहीच, आणि ती खो खो हसत सुटते. हसताना हात सैल पडतो. तेवढ्यात बांगडी आत. "आन तुझा नवरा?" असं कुणी उलटून विचारलं की तू म्हणायचीस, "माझा रोज इचारतो. सैपाक त्यो करतो, त्याला कौतुक पायजे असतंय." आणि ते खरंच होतं. तू पेठेची मणेरीन, दिवसभर बांगड्या भरत फिरायचीस, भाकऱ्या अब्बा थापायचे.

त्याच चुलीपुढं तू मला एकदा बोलली होतीस. गल्लीत एक बाई तोतरं बोलायची. मी तिची नक्कल केली, अब्बा हसले, म्हणून मी आणखी चढले. तू पाय पसरून भिंतीला टेकून बसली होतीस. घरात आपण आपल्या मुसलमानी बोलीत बोलायचो, पण तू रागावलीस की पेठेच्या मराठीत यायचीस. "ती हाय का हितं?" तू विचारलंस. मी म्हटलं, नाही. "मग जा, तिच्यासमोर करून ये. ती हसली तर परत येऊन मला दाव, मी बी हसतो." मला खरोखर उठवून पाठवलंस. मी त्या बाईच्या उंबऱ्यावर नुसतीच उभी राहिले. तिला वाटलं पोर काही मागायला आलीय, तिनं गुळाचा खडा दिला. मी घरी आले तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "ज्याचा हात आपल्या हातात न्हाय, त्याच्यावर इनोद करायचा न्हाय." मला तेव्हा राग आला होता. अब्बाही हसले होते, त्यांना का नाही पाठवलं?

आणि मग त्या वर्षीचा उरूस. आपल्या कोल्हापुरात, महाराजांच्या राज्यात कुस्तीला काय मान होता हे आताच्या पोरांना सांगून कळायचं नाही. त्या दिवशी शेवटची मोठी कुस्ती आपल्या पेठेच्या पैलवानाची, शिरोळकडच्या एका पैलवानाशी. सगळं मैदान माणसांनी गच्च. हलगी वाजतेय, आपला पैलवान लाल माती अंगाला लावून फेऱ्या मारतोय, आणि शिरोळचा पैलवान येतच नाही. निरोप नाही, माणूस नाही. लोक चिडले. वेळ काढायला म्हणून तमाशातल्या सोंगाड्याला मैदानात उभं केलं. त्यानं लगेच न आलेल्याची टर उडवायला सुरुवात केली. पळून गेला, बायकोच्या पदरात लपला, नेहमीचंच सगळं. आणि मग तो ओरडला, "अरं, त्याला चुडा पाठवा की! मणेरीन, द्या बगू हिरव्या बांगड्या!"

ही रीत जुनीच. जो भ्याला त्याला बांगड्या पाठवायच्या. तू मैदानाच्या कडेला, बायकांच्या बैलगाड्यांपाशी पथारी लावून बसली होतीस. तालमीतली दोन पोरं पळत आली. मी तुझ्या शेजारीच होते. तू माळेला हातसुद्धा लावला नाहीस. म्हणालीस, "हात आणा, मग बांगडी. माप घेतल्याबिगर मी देत न्हाय." पोरं म्हणाली, हात शिरोळला आहे. तू म्हणालीस, "मग गिऱ्हाईक न्हाय." पोरांनी तिथूनच ओरडून सोंगाड्याला सांगितलं, मणेरीन देत नाही म्हणते. तो गडी मनानं मोठा होता. दुसरा असता तर तुझ्यावर घसरला असता. तो हसून म्हणाला, "मणेरीन, हितं येऊन बोला की मग!"

तू उठलीस. मी तुझा पदर धरला होता, तो सोडवलास. खांद्यावर माळा टाकल्यास आणि सरळ चालत मैदानाच्या मधे गेलीस. हलगीवाला थांबला. बाई मैदानात एकटी उभी राहते, पायात चाळ नाही, मागं ढोलकी नाही, गाणं नाही, आणि नुसती बोलते, हे आपल्या कोल्हापुरानं त्याआधी बघितलं नव्हतं. मी बघत होते, आणि मला एकच भीती होती की तुझा आवाज पोचणार नाही. पोचला. तू म्हणालीस, "जो आला न्हाय, त्याचा हात कुठनं आणू? जो आलाय, त्याचा द्या." आणि आपल्या पेठेच्या पैलवानाकडं बघितलंस. लोकांनी आरडाओरडा केला. त्याला मागं सरता येईना. त्यानं हात पुढं केला, मातीनं माखलेला, उखळीएवढा.

तू मैदानाच्या मधे बसलीस, आपल्या दारात बसावं तशी, आणि त्यालाही बसवलंस. सगळ्यात मोठ्या मापाची बांगडी काढलीस. बोटं चेपलीस, अंगठा दाबलास, हाडापाशी आणून थांबलीस. मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली. मग नेहमीच्या आवाजात विचारलंस, "पैलवान, आईला शेवटचं कधी इचारलंस, जेवलीस का म्हणून?" बैलगाड्यांवरच्या बायका आधी हसल्या. पैलवान हसला नाही. तो खरंच आठवायला लागला, त्या नादात हात थोडा सैल पडला, तेवढ्यात तू सरकवलीस आणि तो जोरात ओरडला, "आई गं!" बांगडी चढली होती, फुटली नव्हती. मग तू उभी राहून लोकांना म्हणालीस, "ऐकलासा? एका बांगडीला ह्यो आवाज. ह्याच्या आईनं हातभर काच घालून शेण काढलं, जात्यावर दळलं, ह्याला न्हाऊ घातलं. चुडा भरायला दम लागतोय बाबांनो. भ्यालेल्याला दुसरं कायबी पाठवा, चुडा पाठवू नगा. आनी कुणाला भरायचाय? हात वर करा!" सगळ्या मैदानानं हात पाठीमागं घेतले. ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. एवढी मिशीवाली माणसं, हात मागं घेऊन, हसून हसून लाल झालेली. शेवटी तू पैलवानाला म्हणालीस, "भरून झाल्यावर नमस्कार करायचा असतोय." आणि त्यानं केला. बायका करतात तसा, वाकून.

दुसऱ्या दिवशी एकही दार उघडलं नाही. "आमच्यात आता नको," हे आपण घरोघर ऐकलं. पैलवानाच्या आईनं सांगून ठेवलं होतं. पेठेत तिचा शब्द चालायचा. तिचा पोरगा साऱ्या गावापुढं बांगडी भरून घेतो आणि मणेरणीपुढं वाकतो, हे तिला कसं सोसावं? आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनीही अब्बांना बोलावून घेतलं. बाईमाणूस गैरपुरुषांपुढं उभं राहिलं, असं म्हणाले. अब्बा म्हणाले, "ती बांगड्या भरायला गेलती. गिऱ्हाईक मैदानात हुतं, तिनं काय करावं?" मला त्या दिवशी अब्बांचा फार अभिमान वाटला. पण तू हसली नाहीस. त्या दिवसांत तू माळा घेऊन बाहेर जायचीस आणि तशाच्या तशा परत आणायचीस. मी विचारलं, तर म्हणालीस, "लोक हसले ते बरं झालं. पर हात कुणी दिला न्हाय तर मी कोण गं?" तुझ्या तोंडून मी असं काही कधी ऐकलं नव्हतं. हसवणारी बाई असं बोलते हेच मला माहीत नव्हतं.

मग एका सकाळी पैलवानाची आई आपल्या गल्लीत आली. भर उन्हात, सगळे बघताहेत अशा वेळी. आपल्या ओट्यावर बसली, बांगड्या काढून मोकळा केलेला हात पुढं केला आणि म्हणाली, "भर." तू पदराला हात पुसलेस. समोरच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. बोटं चेपलीस, अंगठा दाबलास, हाडापाशी थांबलीस. मला वाटलं आज तू विचारणार नाहीस. तू विचारलंस. नेहमीचंच, जेवलीस का म्हणून नवऱ्यानं कधी विचारलं. ती म्हणाली, "नवरा कशाला इचारतोय? पोरानं इचारलं. त्या दिवशी मैदानातनं घरात आला, हातात ती बांगडी तशीच, आन पयलं हेच इचारलं. मला वाटलं चेष्टा करतोय, मी चुलीतलं लाकूड घेऊन उठलो त्याच्या अंगावर." हे सांगताना तिला हसू फुटलं, डोळ्याला पाणी लागलं, आणि बांगडी आत गेली. भरून झाल्यावर ती उठली, आणि सगळ्या गल्लीदेखत तुला वाकून नमस्कार केला. दुपारपर्यंत आपल्या माळा रिकाम्या झाल्या होत्या.

त्यानंतर तुला बोलावणी यायला लागली. राधानगरीच्या बाजूनं आली, बिद्रीकडनं आली. तू माळा खांद्यावर घेऊनच उभी राहायचीस, आणि समोरच्या एकाचा हात धरल्याशिवाय तोंड उघडायची नाहीस. शिरोळला गेलीस तेव्हा तो न आलेला पैलवान स्वतःहून पुढं आला. उरुसाच्या वेळी त्याचा खांदा निखळला होता, आणि निरोप घेऊन निघालेला माणूस पुरामुळं नदीपलीकडंच अडकला होता. तू त्याचा हात हातात घेतलास आणि मग त्याला असं काही सोलून काढलंस! सगळ्यात जास्त तोच हसत होता.

लोक अजून सांगतात की उरुसाच्या त्या दिवशी महाराज झाडाआडून बघत होते. मी तुला एकदा विचारलं होतं, खरं का गं? तू म्हणालीस, "महाराजांसारखा धिप्पाड माणूस मागं लपंल एवढं झाड कोल्हापुरात हाय का?" मी तुला पकडलं. म्हटलं, महाराज इथं नाहीत, तुझाच नियम. तू म्हणालीस, "त्यांचा हात समद्यांच्या डोक्यावर हाय. म्हंजे हात हाय की." तुझ्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं मी पाहिलं नाही.

तू मला शाळेत घातलंस, मी नर्स झाले, आणि सारा जन्म दवाखान्यात सुया टोचल्या. आखडलेल्या दंडात सुई मोडते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दंड धरायचा, तोंडाकडं बघायचं आणि विचारायचं, "बायकोला शेवटचं कधी विचारलं, जेवलीस का?" डॉक्टरांना वाटायचं, मी औषधासाठी विचारतेय. एकदा मला म्हणाले, पेशंट स्वतः जेवलाय का ते विचारा, बायकोचं काय करायचंय? मी म्हटलं, सर, सुई बघा, गेली आत. एकाही माणसानं माझ्या हातचं टोचून घेतल्यावर तक्रार केली नाही, आणि त्यातलं माझं काही नव्हतं अम्मा, सगळं तुझं होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. पण कागद घडी करायच्या आधी एक गोष्ट सांगते, जी अब्बांनाही सांगितली नव्हती. तू गेलीस, तुला अंघोळ घालायच्या आधी बायकांनी मला तुझ्या हातातल्या बांगड्या काढायला सांगितल्या. फोडू या म्हणत होत्या, मी नको म्हटलं. मी तुझा हात हातात घेतला. बोटं चेपली, अंगठा दाबला, बांगडी हाडापाशी आली आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "अब्बांनी शेवटचं कधी इचारलं गं, जेवलीस का?" तुझा हात आधीच सैल होता. आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या अब्बांनी त्या सकाळीही तुला विचारलं होतं, हे मला आठवलं, आणि मला हसू आलं. खांदे हलायला लागले, थांबेचना. बायांना वाटलं मी रडतेय, त्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मी त्यांना तसंच वाटू दिलं.