उघड्या बोटांची सँडल

प्रिय प्रियंका,

पांढरकवड्याचं ऊन तुला मी काय सांगू. दुपारी हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा कडुनिंबाखाली गाडी लावून निजतात. तुझी आई कूलरमध्ये पाणी टाकून आडवी झाली आहे आणि मी तू आणलेला खादीचा सैल सदरा घालून तुला लिहायला बसलो आहे. गळ्यातून वारा शिरतो तो थेट पाठीपर्यंत जातो. उन्हाळ्यात माणसाला इतकं हलकं वाटू शकतं हे मला या वयात कळलं बघ.

मी बाजारात चक्कर येऊन पडलो तेव्हाही अंगात टेरिकॉटची पॅन्ट, खोचलेला शर्ट, कमरेला पट्टा, मोजे आणि काळे बूट होते. तू नागपूरहून धावत आलीस. मला वाटलं, रागावशील. पण तू हे सैल कपडे आणि मऊ तळव्याची, मागून पट्टा असलेली सँडल समोर ठेवलीस. मी म्हटलं, मास्तर माणूस बोटं दाखवत हिंडत नाही.

खरं कारण तुला ठाऊकच होतं. तुझे आजोबा तरुणपणी गावातल्या वरच्या आळीतून जाताना चपला हातात घेऊन चालायचे. पायात घालायची सोय नव्हती. मी तालुक्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा त्यांनी मला काळे बूट घेतले आणि स्वतः तापलेल्या डांबरावरून अनवाणी माझ्यासोबत आले. तेव्हापासून बूट काढणं म्हणजे मला त्यांना मान खाली घालायला लावण्यासारखं वाटायचं.

तू माझ्या पायाशी बसून मोजे काढलेस आणि एवढंच म्हणालीस, “बाबा, आजोबानं तुमाले बूट देल्ले ते पाय जळू नये म्हणून. आता बुटातच जळून राह्यले ना!”

दुसऱ्या दिवशी तू बसमध्ये बसलीस आणि मी सँडल घातली. चहाच्या टपरीवर भगवानराव ओरडला, “सर, तुमी तं जवान दिसून राह्यले!” मी लाजलो, पण पाय सुखावले होते.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते लिहितो. तू गेल्यावर चार-पाच दिवसांनी अंगणात चहा पिताना आईची नजर माझ्या पायावर गेली. करंगळीच्या बाजूला काळं पडलं होतं, आतून पू येत होता. शुगरमुळे तिथं मला काहीच जाणवत नव्हतं. आई घाबरून म्हणाली, “अवो, हे काय झालं? चाला दवाखान्यात!” आम्ही वणीला लग्नाला जातो असं तुला सांगितलं ना, तेव्हा आम्ही यवतमाळच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हणाले, बूट घासून हे आतल्या आत चिघळत होतं, वर आत्ता दिसलं; मोज्यात झाकलेलं राहिलं असतं तर बोट कापावं लागलं असतं, कदाचित पाऊलही.

काल पट्टी सुटली. जखम पूर्ण भरली आहे. रात्री आईने पाय मांडीवर घेऊन तेल लावलं आणि तुझं नाव घेऊन रडली. मलाही रडू आलं. फोन लावला असता तर मला बोलता आलं नसतं, म्हणून हे पत्र. पोरी, मी आज माझ्या दोन्ही पायांवर उभा आहे, तो तुझ्यामुळे.

तुझाच,
बाबा