शिट्टीनंतरचं ‘येते’

तीर्थरूप आईस,
धांदरट लेकीचा नमस्कार.

अडथळ्यांच्या शर्यतीचं चित्रीकरण काल झालं. निकाल घरीही सांगायचा नाही अशी ताकीद आहे, म्हणून विचारू नकोस. हौदातलं पाणी फार थंड होतं, एवढंच सांगते. गुडघा जरासा खरचटलाय. काळजीचं काही नाही, फक्त जिने टाळते.

कार्यक्रम दाखवेपर्यंत गुपित फुटू नये म्हणून आम्हाला हॉटेलातच ठेवलंय. खोलीत दोन पलंग आहेत. दुसऱ्यावर मी कपडे पसरून ठेवलेत, म्हणजे तो रिकामा दिसत नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना सोडून तू आली नाहीस तेच बरं केलंस. बाकीच्यांची माणसं कठड्याशी उभी राहून ओरडत होती. शिट्टी वाजली आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "येते." मग उत्तराची वाट बघत मी उभीच राहिले, आणि फिरत्या ओंडक्यावर पाय टाकायची वेळ चुकली.

रविवारी टीव्ही लावाल तेव्हा मी पुन्हा "येते" म्हणेन. तू स्वयंपाकघरात असलीस तरी तिथूनच "ये" म्हण.

तुझी,
धांदरट