कोपराचं माप

३ फेब्रुवारी, सोमवार
अत्यंत गंभीर तक्रार. देवानंद सुताराने आज स्वयंपाकघरातल्या नव्या कपाटांसाठी मेपल लाकडाचे सात नमुने आणून ओट्यावर मांडले. सातही एकाच रंगाचे — चहात बुडवून काढलेल्या बिस्किटाच्या. त्याच्या मते एक 'हनी', एक 'नॅचरल', एक 'फ्रॉस्टी'! शाळेत मुलांना संस्कृतातला पिवळा 'पीत' आणि तपकिरी 'कपिश' यांतला फरक शिकवण्यात हयात गेली, त्याचं हे फळ.

कपाटं बायकोसाठी, माधवीसाठी. तिची आई, माझ्या सासूबाई, पडल्या म्हणून ती पंधरा दिवसांसाठी अकोल्याला माहेरी गेली, त्याला सात महिने झाले. भांडण नाही. फोन होतात. 'कधी येतेस' म्हटलं की 'पाहू' म्हणते. ती परत यावी म्हणून काय करता येईल, तर मला एवढंच सुचलं.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या शकुनताईंच्या वास्तुशांतीत अशाच कपाटावरून हात फिरवत माधवी म्हणाली होती, आपल्याकडे असं केलं तर? मी तिला संतोषावर एक श्लोक ऐकवला. श्लोक चांगला होता.

५ फेब्रुवारी, बुधवार
सातही नमुन्यांचे फोटो पाठवले. उत्तर — 'छान आहेत.'

७ फेब्रुवारी, शुक्रवार
देवानंद माप घ्यायला आला आणि न घेता गेला. कपाटांवर ओटाही नवा बसणार; त्याची उंची तो घरच्या बाईच्या कोपरावरून धरतो. कोपराखाली चार बोटं. "वहिनीले टेप लावल्याशिवाय मी लाकूड कापत नाई, सर."
म्हटलं, जुन्याएवढाच ठेव. जुना ओटा आईच्या मापाचा. आई उंच होती.
त्याने ओट्याखालून एक पाट ओढून काढला. हा इथं काहून, म्हणाला. मी म्हटलं, बसायला. त्याने माझ्याकडे पाहिलं, पाट उजेडात धरला. दोन पावलांच्या जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं.
चोवीस वर्षं माधवी त्यावर उभी राहून पोळ्या लाटत होती. मी मागे टेबलाशी पेपर वाचत असायचो.
काहीतरी वाटायला हवं होतं. चहा केला, दोघांनी घेतला.

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळच्या एसटीने अकोला. पिशवीत नमुने आणि टेप. जठारपेठेत फाटक सासूबाईंनीच उघडलं. हातात काठी नाही, मेथीची जुडी!
माधवी इथे चांगली टवटवीत दिसते. नमुने तिने खिडकीशी नेऊन नीट पाहिले. एक जरा गडद निवडला. तेलाचा हात लागला तरी दिसणार नाही म्हणाली. मला बरं वाटलं. टेप काढला, देवानंदची अट सांगितली, उभी राहा म्हटलं.
ती बसूनच राहिली. दोन्ही हात मांडीवर.
"तुमच्या कोपराचं घ्या," म्हणाली. "तिथं आता तुम्हालाच उभं राहायचं आहे."
आवाजात राग नव्हता. मग तिने पानं घेतली. भाकरी, मेथी, ठेचा. मी दोनदा भाकरी मागून घेतली.
सासूबाई फाटकापर्यंत आल्या. "मी तिले थांबवलं नाई, जावईबापू."
मला ठाऊक आहे म्हटलं. परतीच्या एसटीत मूर्तिजापूरपर्यंत झोप लागली.

१० फेब्रुवारी, सोमवार
शाळा. घरी खिचडी.

१२ फेब्रुवारी, बुधवार
देवानंदने मला भिंतीशी उभं केलं, कोपरापर्यंत टेप धरला, पेन्सिलीने खूण केली. वहिनीचं काय, हे विचारलं नाही. नमुना कोणता, एवढंच. गडद, म्हटलं.
"वहिनीले उंच पडन, सर," जाताना दारातून म्हणाला.
पडू दे म्हटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
माधवी येणार नाही. हे कळून आठवडा झाला. भूक लागते, झोप लागते, काल आठवीच्या वर्गाला हसवलंसुद्धा. अजून डोळ्यांत पाणी आलेलं नाही. मला काळजी वाटते ती याची.